सांधा तपासला नाही

प्रभुणे सरांनी मला पाच वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. ते मला ‘पत्रा’ म्हणत.

हे नाव मला कुवेतमधल्या सालमियाच्या शाळेत अकरावीच्या पहिल्याच तासाला मिळालं. सर गणित शिकवायला आले आणि त्यांनी प्रत्येकाला वडील काय करतात ते विचारलं. इंजिनियर झाले, डॉक्टर झाले, बँकेतले झाले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “अम्गऱ्याला वर्कशॉपमध्ये असतात.”

“तिथे काय करतात?”

“वेल्डिंग. पत्र्याचं काम.”

“बस, पत्रा,” सर म्हणाले.

ते शिकवत इंग्रजीत, पण टोमणा ज्याचा त्याच्या भाषेत मारत. ज्याला लागायला हवा त्याला कळला म्हणजे झालं. वर्गातली तीन मराठी मुलं हसली आणि मधल्या सुट्टीत त्यांनी बाकीच्यांना अर्थ सांगितला.

मी हे लिहायला बसले आहे ते सरांबद्दल तक्रार करायला नाही. कौतुक करायलाही नाही. त्यांच्याविषयी काय वाटतं असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. म्हणून जे घडलं तेवढंच सांगते. सरांनाही तेच आवडलं असतं. ‘वाटणं’ या शब्दावर ते लाल पेनाने गोल करत.

ते हवल्लीला तिसऱ्या मजल्यावर राहत. इतरांच्या घरी जिथे टीव्ही असायचा तिथे त्यांच्याकडे फळा होता. खडू ते ब्लेडने अर्धा कापत आणि तो अर्धा खडू बोटांत न धरता मुठीत धरत. ही त्यांची ऐट आहे असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. एकदा खडू पडला, मी उचलायला वाकले. “पडू दे,” ते म्हणाले, “तुझी पाठ मोडक्या गोष्टी उचलायला नाही.” मला ते बरं वाटलं. मग म्हणाले, “तुझी पाठ ओणवं राहायला आहे. गणित चुकलंय.” आणि खरंच त्यांनी मला बाविसाव्या वर्षी अंगठे धरून उभं केलं.

त्यांच्या पत्नी, प्रभुणे काकू, इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासत. ड्यूटीवरून आल्या की पर्स न ठेवताच चहा टाकत. सर पहिला घोट घेत आणि कप एका बोटाने चार इंच पुढे ढकलत. म्हणजे साखर चुकली. “आमच्या ह्या, अख्ख्या कुवेतच्या रक्तातली साखर मोजतात,” ते मला सांगत, “घरातल्या एका कपातली जमत नाही.” काकू कप उचलून आत नेत. मी त्यांना उत्तर देताना कधी ऐकलं नाही. फक्त एकदा, आत जाता जाता, त्या मला हळूच म्हणाल्या, “साखर बरोबर असते गं. पहिला कप ते परत करतातच.”

तरीही मी तिथे जात होते, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणी नाही. बाबा सातवी, आई चौथी. बारावीनंतर मला भारतात ठेवणं जमणार नव्हतं, म्हणून मी बाहेरून बी.ए.ला बसले, गणित घेऊन. पुस्तकं पोस्टाने येत, पण शिकवणारं कुणी नव्हतं. बाबा एके शुक्रवारी धुतलेला शर्ट घालून सरांकडे गेले. मी दाराशी उभी होते. सरांनी त्यांना बसायला सांगितलं नाही.

“मुलीला शिकवा म्हणतो, साहेब.”

“का? वर्कशॉपात जागा नाही का?”

बाबा हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. “ती हुशार हाय.”

“ते मी ठरवीन,” सर म्हणाले. “बुधवार आणि शनिवार. उशीर चालणार नाही.”

फीचं नाव सरांनी काढलं नाही, पुढेही कधी काढलं नाही. महिन्याभराने बाबांनी सरांसाठी लोखंडी शेल्फ बनवलं, अम्गऱ्याहून पिकअपमध्ये घालून आणलं, तीन जिने खांद्यावर चढवलं. सरांनी पुस्तकं ठेवण्याआधी प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला. चारही कोपरे, सगळ्या फळ्या. मग म्हणाले, “सांधा चांगला आहे. मुलीपेक्षा चांगलं काम केलंत.” बाबा ते वाक्य अजून सांगतात. त्यांना त्यातला पहिला भागच आठवतो.

सरांच्या त्या शेल्फावर वरच्या फळीवर एकच गोष्ट होती: निळ्या दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा. पुण्याच्या विद्यापीठात एकोणीस वर्षांपूर्वी नाव नोंदवलेला त्यांचा प्रबंध. विषय सोबोलेव्ह स्पेसेस. त्यांचे मार्गदर्शक निवृत्त झाले होते, मुदत दर वेळी वाढवून घेतली होती, आणि या वेळी विद्यापीठाने कळवलं होतं की या वर्षअखेरीनंतर वाढ मिळणार नाही. सरांनी हे मला सांगितलं नव्हतं. काकूंनी सांगितलं.

सोबोलेव्ह स्पेस म्हणजे काय, हे मला त्यांनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकवलं, अभ्यासक्रमात नसताना. मला कळलं तसं सांगते. एखादं फंक्शन गुळगुळीत असलं की त्याचा उतार प्रत्येक बिंदूवर काढता येतो. त्याला कोपरा आला की त्या बिंदूवर उतार सांगता येत नाही. तिथे साधं गणित थांबतं. सर थांबत नसत.

“मोडक्या माणसाला त्याचं दुखणं विचारायचं नाही,” ते म्हणाले. “तो खोटं बोलेल. त्याच्या शेजारी एक निरोगी माणूस बसव. हे टेस्ट फंक्शन. कुठेही खाच नाही, कोपरा नाही, आणि काठावर येईपर्यंत शून्य होतं. आता दोघांचा गुणाकार कर आणि उतार काढायचं काम त्या निरोग्यावर ढकल. असं एक नाही, जगातली सगळी टेस्ट फंक्शन्स लाव. प्रत्येकाशी जे जुळेल, तो या मोडक्याचा उतार. वीक डेरिव्हेटिव्ह.”

मी विचारलं, “म्हणजे त्याला न विचारताच त्याच्याबद्दल कळतं?”

“त्याला विचारूनच कळत नाही,” सर म्हणाले.

त्या दिवशी मी आनंदाने घरी आले आणि बाबांना समजावायला गेले. बाबा जेवत होते. म्हणाले, “बाय, वाकलेला पत्रा चालतो. तुटलेला चालत नाय. एवढंच ना?” मी विचार केला. कोपरा असलेल्या फंक्शनला वीक डेरिव्हेटिव्ह असतं. मधेच तुटून वर उडी मारणाऱ्याला नसतं. एवढंच होतं.

पण कळणं वेगळं आणि हातून होणं वेगळं. त्या मार्चमध्ये मी एका उदाहरणात डावीकडे शून्य आणि उजवीकडे एक असलेलं फंक्शन घेतलं. दोन्ही बाजूंना उतार शून्य. मधे एकच बिंदू, त्याची लांबी काहीच नाही, म्हणून तो सोडून दिला आणि लिहिलं: उतार सगळीकडे शून्य. सरांकडे तेव्हा शाळेतली आणखी पाच मुलं शिकायला बसली होती.

“दोन्ही बाजूंना शांतता,” सर त्यांना म्हणाले. “जे झालं ते सगळं मधल्या बिंदूवर झालं, आणि बाईंनी तोच बिंदू सोडला. टेस्ट फंक्शन लावून बघ. काय उरतं?”

मी लावलं. शून्य यायला हवं होतं तिथे टेस्ट फंक्शनची त्या बिंदूवरची किंमत उरली. ती जाईना.

“बापाने असा सांधा सोडला असता तर टाकी फुटून माणूस मेला असता. तुझ्या चुकीने कुणी मरत नाही, म्हणून तू गणितात आलीस.” मग त्यांनी माझ्याकडून वहीत शंभर वेळा लिहून घेतलं: मी सांधा तपासला नाही. पाच मुलं समोर बसून सामोसे खात होती.

माझं अक्षर चांगलं आहे हे सरांना त्या शंभर ओळींवरून कळलं. पुढच्या बुधवारी त्यांनी निळी दोरी सोडली. “याची स्वच्छ प्रत कर. डोकं वापरायचं नाही. हात वापरायचा.” तेव्हा कुठे मला मुठीतल्या खडूचा अर्थ लागला. त्यांचा हात थरथरत होता. मूळ कागदांवरच्या ओळी पहिल्या पानांवर सरळ होत्या, नंतरच्या वर्षांत नागमोडी होत गेल्या होत्या. टाइपरायटरवर ती चिन्हं येत नव्हती आणि दुसऱ्या कुणाला हात दाखवायचा नव्हता. त्याच्या बदल्यात ते मला एम.एस्सी.साठी पुण्याला शिफारसपत्र देणार होते. ते पत्र माझ्यासाठी सगळं होतं. बाहेरून बी.ए. केलेल्या, वेल्डरच्या मुलीला दुसऱ्या कुणाची ओळख नव्हती.

मी एप्रिलमध्ये भारतात जाऊन परीक्षा देऊन परत आले, जूनमध्ये निकाल लागला, आणि प्रतीची शंभरावर पानं झाली. प्रबंध द्यायला पुण्याला जायचं सरांचं तिकीट जुलैच्या वीस तारखेचं होतं. शाळेला सुट्टी होती. काकू मागून येणार होत्या.

चौथ्या प्रकरणात, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मी एका लेमापाशी, म्हणजे आधाराच्या छोट्या प्रमेयापाशी आले. त्यावर पुढचं सगळं उभं होतं. एक प्रदेश, मधून जाणारा एक सांधा, दोन्ही बाजूंना चांगली फंक्शन्स. सरांनी एका बाजूचं फंक्शन कामापुरतं बदलून घेतलं होतं आणि मग लिहिलं होतं: दोन्ही मिळून जे फंक्शन होतं ते सोबोलेव्ह स्पेसमध्ये आहे हे उघडच आहे, कारण सांध्याचं क्षेत्रफळ शून्य.

मला डोकं वापरायचं नव्हतं. पण ‘मी सांधा तपासला नाही’ ही ओळ माझ्या हाताने शंभर वेळा लिहिलेली होती. बाजू बदलल्यावर दोन्हींच्या किमती सांध्यावर जुळतात का, हे कुठेच पाहिलेलं नव्हतं. मी माझंच मार्चमधलं फंक्शन त्यात घातलं, शून्य आणि एक. लेमा म्हणाला, चालेल. चालत नव्हतं.

मी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी प्रत हळू करायला लागले. आधी म्हटलं मीच चुकले असेन. मग म्हटलं पुढे कुठेतरी त्यांनी दुरुस्त केलं असेल. सर विचारत, “किती राहिलं?” मी म्हणायची, “थोडं.” एक आठवडा गेला. सरांनी तिकीट पाच ऑगस्टचं करून घेतलं आणि मला म्हणाले, “पत्र्याला गंज चढला वाटतं.”

शेवटी मी बाबांना सांगितलं. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. “काम पास व्हायच्या आधी सांगायचं, बाय. मागाहून सांगतो तो हलकट. आणि एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं. कारागिराची चूक चार माणसांत काढत नायत.”

यातली पहिली गोष्ट मी उशिरा ऐकली. दुसरी ऐकलीच नाही.

ऑगस्टचा पहिला दिवस, बुधवार होता. मी प्रत घेऊन गेले तेव्हा साठेसाहेब आलेले होते. ते नाशिकचे, तेल शुद्धीकरण कारखान्यात इंजिनियर, सरांना सहन करणारे हवल्लीतले एकमेव गृहस्थ. शेव खात होते.

“काय प्रभुणे, झाला का ग्रंथ? हे तुमचं गणित आमच्या पायपात चालतं का हो?”

“पायपात चालतं,” सर म्हणाले. “तुमच्या डोक्यात चालत नाही. तिथे सगळं काठावर येईपर्यंत शून्य होतं.”

साठेसाहेब मोठ्याने हसले. सर खुशीत होते. त्या खुशीत ते माझ्याकडे वळले. “या पत्र्याने चार महिने लावले दीडशे पानांना. हिच्या बापाने तेवढ्यात जहाज बांधलं असतं. काय गं? की वाचता वाचता समजायला लागलं होतं?”

मी त्यांना एकटं गाठून सांगू शकले असते. साठेसाहेब जायची वाट पाहू शकले असते. मी म्हटलं, “हो सर, समजलं. चौथ्या प्रकरणात तुम्ही सांधा तपासला नाही.”

आणि उठून फळ्यावर शून्य-एकचं फंक्शन काढलं. माझा हात थरथरत नव्हता. मी सावकाश, सुबक काढलं. उरलेल्या पदाभोवती चौकट केली. साठेसाहेबांना गणितातलं काही कळलं नाही, पण प्रभुण्यांना कुणीतरी पकडलंय एवढं कळलं. “अरेच्चा! गुरूची विद्या गुरूला?” ते म्हणाले आणि पुन्हा हसले.

सर फळ्याकडे बघत राहिले. त्यांनी काकूंनी आणलेला कप घेतला, घोट घेतला, आणि ढकलला नाही. सगळा चहा प्यायले.

“कधी दिसलं?” त्यांनी विचारलं.

“पंधरा-वीस दिवस झाले.”

“जा,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुवेतवर इराकी सैन्य आलं. विमानतळ बंद झाला. त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं काही सांगत नाही. खुबूझच्या रोट्यांसाठी रांगा, रस्त्यावर नाके, फोन बंद. बाबांचं वर्कशॉप कुणीतरी दार तोडून रिकामं केलं. बरेच भारतीय बसने बगदादमार्गे अम्मानला निघाले होते. सप्टेंबरमध्ये आमचंही ठरलं. बाबांनी सर-काकूंसाठी बसमध्ये दोन जागा धरल्या आणि मला सांगायला पाठवलं. मी त्या दिवसानंतर त्यांच्याकडे गेले नव्हते.

जिन्यात काकू भेटल्या, ड्यूटीवर निघालेल्या. मी जागांचं सांगितलं. त्या एक पायरी खाली येऊन थांबल्या.

“मी कधीही निघेन,” त्या म्हणाल्या. “ते निघत नाहीत. लेमा झाल्याशिवाय पुण्याला तोंड दाखवणार नाही म्हणतात. सहा आठवडे जेवण फळ्यापाशी.” मग माझ्याकडे न बघता, पर्समध्ये ओळखपत्र शोधत म्हणाल्या, “पंधरा दिवस आधी सांगितलं असतंस, तर त्यांनी चिडून वीस तारखेचंच विमान पकडलं असतं. आज पुण्यात बसून चिडले असते.”

ओळखपत्र सापडलं. त्या गेल्या.

सरांनी दार उघडलं. दाढी वाढली होती. फळा चारी काठांपर्यंत भरलेला होता. ‘ये, बस’ काही नाही. मी म्हटलं, “सर, परवा सकाळी बस आहे. बाबांनी जागा धरल्यात.”

“झालं आहे,” ते म्हणाले. “काल जुळलं. तपास. बरोबर असेल तर मी येतो.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी बसले आणि वाचायला लागले. दोन्ही बाजूंमधला फरक त्यांनी सांध्यावर मोजला होता, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा मिळून फरक शून्य येतो हे नीट सिद्ध केलं होतं. त्यावरून शेवटची ओळ: म्हणून सांधा जुळतो.

मला फार वेळ लागला नाही. सगळा मिळून शून्य म्हणजे जागोजाग शून्य नव्हे. एकीकडे पत्रा दोन सूत वर, दुसरीकडे दोन सूत खाली. सरासरी बरोबर, सांधा उघडाच. बाबांच्या वर्कशॉपात अशा जागी पोरं फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारत, आणि बाबा ती नखाने उकरून काढत.

सर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. उजवा हात त्यांनी डाव्याने धरून ठेवला होता. खाली रस्त्यावर लष्करी ट्रक चालू होता. मी फळ्याकडे पाहिलं, बसचा विचार केला, काकूंचा केला.

“बरोबर आहे, सर,” मी म्हटलं.

ते वळले. “पुन्हा बघ.”

“बघितलं. जुळतंय.”

सर फळ्यापाशी आले आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “ही ओळ दहावीच्या पोराला दिसेल. तुला दिसली. तुझी नजर इथे थांबली ते खिडकीच्या काचेत मी पाहिलं.” आवाज चढला नव्हता. “गेल्या वेळी उशिरा सांगितलंस. या वेळी सांगितलंच नाहीस. तूही लांबी भरायला लागलीस, पत्रा.”

त्यांनी ती चूक मुद्दाम ठेवली होती, की आदल्या दिवशी खरंच जुळलं असं वाटलं होतं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याच क्षणी त्यांना कळलं, हे मला ठरवता आलेलं नाही. मी खरं बोलले असते तर ते आले असते का, हेही नाही.

त्यांनी कागद घेतला आणि माझ्यासमोर, त्या हाताने, शिफारसपत्र लिहिलं. दोन ओळींना दहा मिनिटं लागली. मी मदत करायला हात पुढे केला नाही. तेवढं शिकले होते. पाकीट चिकटवून दिलं आणि म्हणाले, “तुझ्या बापाला सांग, शेल्फ अजून हललं नाही.”

ते पाकीट मी अम्मानच्या तंबूंपर्यंत आणि तिथून मुंबईपर्यंत ब्लाउजमध्ये ठेवून आणलं. दुसरं पत्र नव्हतं म्हणून पुण्याला तेच दिलं. प्रवेश उशिराचा होता. विभागप्रमुखांनी फोडून वाचलं, मग माझ्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं: ‘हिला चूक दिसते. दिसलेली चूक ही सांगेल याची हमी मी देत नाही.’

“हे खरं आहे?” त्यांनी विचारलं.

“हो सर.”

त्यांनी पत्र पाकिटात घातलं आणि मला पुढचा प्रश्न विचारला. मी आता एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

बाबा या उन्हाळ्यात परत अम्गऱ्याला गेले. आकाश अजून तेलाच्या धुराने काळं आहे, म्हणतात. मोडक्या गाड्यांचे डोंगर लागलेत, काम भरपूर आहे. त्यांनी काकूंना इस्पितळात शोधून काढलं. सर जानेवारीत गेले. छातीत महिनाभर दुखत होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. काकू बाबांना म्हणाल्या, “मी रोज दोनशे लोकांचं रक्त तपासत होते. घरातल्या एकाचं राहिलं.”

प्रबंधाचं काय झालं तेही कळलं. डिसेंबरात लॅबमधले कागद संपले, नळ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या संपल्या. सरांनी माझी स्वच्छ प्रत शेल्फावरून काढून काकूंना दिली. “एक बाजू कोरी आहे,” म्हणाले, “वापरा.” आणि स्वतः ब्लेडने पट्ट्या कापून देत बसले. सुरुवात चौथ्या प्रकरणापासून केली. एक पट्टी काकूंनी बाबांजवळ दिली, ती पत्रातून माझ्याकडे आली. पुढे माझ्या सुबक अक्षरात अर्धं इंटिग्रल आहे, मागे अरबीत कुणा पेशंटचं नाव. कडा वाकडी कापलेली आहे.

पण मी सरांना शेवटचं पाहिलं ते सप्टेंबरातल्या त्याच सकाळी. पाकीट घेऊन मी खाली उतरले आणि रस्ता ओलांडून वळून वर पाहिलं. सर गॅलरीत आले होते, हातात डस्टर. फळा पुसून झाला असणार. त्यांनी डस्टर दोन्ही हातांनी धरलं, एका हाताने जमत नव्हतं, आणि कठड्यावर आपटलं. फट्. खडूची पांढरी भुकटी खाली यायला लागली. पुन्हा, फट्.

कोपऱ्यावरच्या नाक्यावर दोन सैनिक होते. त्यातल्या तरुणाने झटकन वळून बंदूक वर केली, गॅलरीकडे. सर खाली बघत नव्हते. ते डस्टरकडे बघत होते. मी मधे होते, मला दोघेही दिसत होते. ओरडायला हवं होतं. काय ओरडायचं, ‘सर’ म्हणायचं की सैनिकाला काही सांगायचं, अरबीत कसं सांगायचं, हा विचार करत मी तोंड उघडून उभी राहिले.

सैनिकाला भुकटी दिसली. तो हसला, दुसऱ्याला काहीतरी म्हणाला, बंदूक खाली केली. मग मला आवाज फुटला. “सर!”

त्यांनी आणखी एकदा डस्टर आपटलं, उलटून पाहिलं, आत गेले आणि दार लावून घेतलं.